टोचन लावायचं नाही

अजिंठ्याला जायला पहाटे पाचला सांगली सोडली तेव्हा मास्तरांच्या तोंडावर जे हसू होतं, ते मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मास्तर म्हणजे आमचे हे. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळं सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं. मीही लोकांशी बोलताना मास्तरच म्हणते. समोर मात्र "अहो". मी स्वतः बावीस वर्षं विद्यार्थ्यांची खानावळ चालवली. चाळीस पोरांना एका वेळी वाढायचं म्हणजे आवाज चढा लागतो आणि जीभही जरा तिखट लागते. खानावळ बंद केली, पण ती दोन्ही हत्यारं माझ्याकडंच राहिली. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं त्यांचा उपयोग होणार आहे.

आता गाडीबद्दल. मास्तरांचा उजवा पाय तिसऱ्या वर्षीच पोलिओनं गेला. लहानपणी वडील खांद्यावर बसवून शाळेत न्यायचे, मग दोस्तांच्या सायकलचं कॅरिअर, मग सहकाऱ्यांच्या स्कूटरी. पन्नाशी उलटेपर्यंत कुणाला तरी हाक मारल्याशिवाय या माणसाला कोपऱ्यावरच्या दुकानात जाता आलं नाही. मग एका ओळखीच्या माणसाकडून ही जुनी जपानी गाडी घेतली, आणि ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातानं चालवायचा दांडा तिला बसवून घेतला. गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढची आणि मागची, चारी चाकं एकदम ओढणारी. चिखल असो, घाट असो, मास्तर पोरांना घेऊन निसर्गचित्रं काढायला जायचे. ती गाडी आली आणि त्यांचं हाका मारणं बंद झालं.

सांगलीच्या आमच्या मेकॅनिकनं मात्र एक गोष्ट मला निक्षून सांगितली होती. "काकू, ही कुठं बंद पडली तर टोचन लावू देऊ नका." टोचन म्हणजे बंद गाडी दुसऱ्या गाडीला अडकवून ओढत नेणं. "क्रेनवाले पुढची दोन चाकं उचलतात आणि मागची रस्त्यावर फिरवत नेतात. साध्या गाडीला चालतं. हिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा एक भाग आहे मधे. दोन चाकं थांबलेली आणि दोन फिरती असली की तो तापतो आणि जळतो. तो आता कुठं मिळत नाही. जळला की गाडी भंगारात." मी हे पाठ केलं होतं. खानावळीतल्या गॅसचे नियम पाठ होते तसंच.

आणि आता जे सांगायचं ते लाजत सांगते. मला ही गाडी घरातून जायला हवी होती. मास्तर एकाहत्तर वर्षांचे झाले. गेल्या दिवाळीत त्यांनी शेजाऱ्यांचं फाटक पाडलं. कुणाला लागलं नाही, पण फाटकामागं पाच मिनिटांपूर्वी शेजाऱ्यांची नात खेळत होती. त्या रात्रीपासून ते गाडी घेऊन बाहेर पडले की ते परत येईपर्यंत मी जेवत नव्हते. पुण्याला असतो तो आमचा मुलगा प्रसाद म्हणाला, "आई, आता बास. बाबांनी चालवायचं नाही. लागेल तेव्हा रिक्षा बोलवू." त्यानं गिऱ्हाईकही बघितलं. आम्ही अजिंठ्याहून परत आलो की येणाऱ्या रविवारी तो माणूस गाडी न्यायला येणार होता. मास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सांगायचं काम माझ्याकडं होतं आणि मी ते रोज उद्यावर ढकलत होते. निघताना गाडीत बसले तेव्हाही सांगितलं नव्हतं.

सातारा, पुण्याचा बाहेरचा रस्ता, अहिल्यानगर असं करत, चार ठिकाणी चहाला थांबत, संध्याकाळी संभाजीनगरात पोचलो. गारखेड्यात माझी चुलत बहीण सुधा राहते. तिच्या घराच्या गल्लीत मास्तरांनी गाडी अशी अलगद लावली की सुधाचे यजमान म्हणाले, "आमच्यात एवढ्या गल्लीत स्कूटर वळवायला दोघं लागतात." मास्तरांनी जेवताना एक पोळी जास्त खाल्ली.

दुसरा दिवस शहरात गेला. दुपारी नान-कलिया (मटणाचा लाल रस्सा आणि भट्टीतली जाड, पिवळसर रोटी) खायला जुन्या शहरात गेलो. मी धंद्यातली बाई, दुसऱ्याच्या रश्शाला सहसा हो म्हणत नाही. तिथं मात्र वाटी पुसून खाल्ली. वाढणाऱ्या चाचांना विचारलं, मसाल्यात काय घालता. ते म्हणाले, "बाई, हांडी बडी होना और जल्दी नक्को करना, बस." म्हणजे सांगायचं नव्हतं. मीही खानावळीत हेच करायचे, म्हणून मला त्यांचा राग आला नाही.

तिसऱ्या दिवशी अजिंठा. फुलंब्री, सिल्लोड, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि पिवळी तूर, मग घाट उतरून फर्दापूर. तिथं गाडी ठेवून लेण्यांपर्यंत बसनं जावं लागतं. पायऱ्या चढायला डोलीवाले असतात, चौघं जण खुर्ची खांद्यावर घेऊन नेतात. मास्तर डोलीत बसले ते एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. दुसऱ्याच्या खांद्यावर बसणं त्यांनी लहानपणी पुरेसं केलंय. पण पहिल्या लेण्यातल्या अंधारात डोळे सरावले आणि भिंतीवरचा तो कमळ धरलेला बोधिसत्त्व दिसला, तेव्हा ते सगळं विसरले. चौतीस वर्षं पोरांना कॅलेंडरवरचं चित्र दाखवून शिकवत होते. पाऊण तास एकाच जागी काठीवर भार देऊन उभे. रखवालदारानं स्वतःची खुर्ची आणून दिली, तीही त्यांना दिसली नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "मी पोरांना हाताची बोटं चुकीची शिकवली." आणि पुन्हा हसले, ते पहाटेचं हसू.

दुपारी साडेबाराला फर्दापूरहून निघालो. पाचसहा मिनिटं झाली असतील, घाट अजून लागायचा होता, आणि पुढून आधी किंचाळल्यासारखा आणि मग पट्टा फाटल्याचा आवाज आला. बॉनेटमधून वाफ. मास्तरांनी लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली. समोरच पत्र्याच्या शेडचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेलवाल्यानं गावातला मेकॅनिक बोलावला. तो बघून म्हणाला, "पाणी फिरवणारा पंप जाम झालाय, त्यानं पट्टा खाल्ला. इंजन चालू करू नका. पंप संभाजीनगरलाच भेटंल."

अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारी सपाट गाडी मिळते का म्हणून मी सहा फोन लावले. एकाची गाडी नागपूरला गेली होती, एक म्हणाला तीन दिवसांनी पाठवतो, बाकीच्यांनी फोन उचलला नाही. तोवर हॉटेलवाल्यानं न विचारता क्रेन बोलावली. या भागात कुणाला अडचणीत बघून गप्प बसायची पद्धतच नाही, माणसं आधी मदत करतात आणि मग विचारतात. क्रेन घेऊन आले इस्माईलभाई, सिल्लोडचे, पन्नाशीचे, पांढरी दाढी, बोलणं गोड. मास्तरांचे पाय बघून म्हणाले, "मास्तर, टेन्शन नक्को लेव. दो घंटे में शहर."

मी म्हटलं, "टोचन लावायचं नाही. या गाडीला चालत नाही."

"बाई, बीस साल से कर रा मैं. आजतक किसी की गाडी कू खरोंच नै आई."

"खरचटण्याचा प्रश्न नाही हो. आतलं जळतं. चारी चाकं वर पाहिजेत."

त्यांनी मान डोलावली, "हौ, हौ," म्हणाले आणि चहा प्यायला बसले. मला वाटलं समजलं. मास्तर हॉटेलच्या बाजेवर पाय लांब करून पडले होते, तोंडावर टॉवेल. सकाळपासून उभं राहून दोन्ही पाय सुजले होते.

एवढ्यात हॉटेलमागच्या घरातली बाई आली. कौसाबाई तिचं नाव, वय माझ्याएवढंच. धनगराचं घर. थोडी मेंढरं, दोन एकर रान, उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतावर मजुरी. तिनं गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही. "जेवल्या का?" एवढंच. मी नको म्हटलं तर माझा हात धरून घरात घेऊन गेली. मास्तरांचं ताट तिनं आधी बाहेर पाठवलं, मग मला चुलीपुढं बसवलं. ज्वारीची भाकरी, येसर (धान्यं आणि मसाला भाजून दळलेल्या पिठाची पातळ आमटी), ठेचा आणि ताक. ती येसर मी अजून विसरले नाही. मी कृती विचारली तर तिनं एका डब्यातलं पीठ फडक्यात बांधून माझ्या पिशवीत टाकलं. नान-कलियावाल्यापेक्षा ही बाई मोकळ्या मनाची.

हात धुवून मी घराच्या कोपऱ्यावरून पुढं आले आणि जागीच थांबले. गाडीची पुढची चाकं हवेत होती. इस्माईलभाईंनी आकड्याला पोतं गुंडाळलं होतं, बंपर खरचटू नये म्हणून. मागची दोन चाकं रस्त्यावर. ते क्रेनच्या केबिनमध्ये चढत होते.

इथं खोटं बोलायचं असतं तर हे लिहिलंच नसतं. मी ओरडले नाही. मी बघत उभी राहिले. डोक्यात एकदम आलं, जाऊ दे. मी कुणाला काही केलेलं नाही. घाट चढून सिल्लोड येईपर्यंत मधला भाग जळेल, मेकॅनिक नाही म्हणेल, गाडी भंगारात जाईल. मला मास्तरांना काही सांगावं लागणार नाही. फाटक नाही, रोजचं उपाशी बसणं नाही. सगळं दुसऱ्याच्या हातून होतंय, तेही प्रेमानं. किती वेळ उभी होते कोण जाणे. क्रेनचं इंजिन चालू झालं. गाडी तिरकी असल्यानं मास्तरांची बसायची उशी सीटवरून घसरली आणि मागं जाऊन पडली. तेवढं काचेतून दिसलं मला.

मी धावले. एक चप्पल वाटेत राहिली. क्रेन जेमतेम दोन हात पुढं सरकली असेल, मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि खानावळीतला सगळा आवाज बाहेर काढला. काय काय बोलले ते लिहीत नाही. समोरच्या रानात कापूस वेचणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या.

इस्माईलभाई खाली उतरले. चेहरा पडलेला. "बाई, गाडी न्यूट्रल की है मैंने. पीछे के चाक मोकळे फिरेंगे. हमेशा ऐसाच करते. मास्तर के पाँव देखे, इतनी देर बाजेपर पडे हैं, सोचा जल्दी पहुँचा दूँ." त्यांनी आकडा सोडवून गाडी खाली ठेवली. ती ठेवतानाही हळू ठेवली, दुखावलेल्या माणसाचा राग हातात येतो तसा आला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कौसाबाई माझी राहिलेली चप्पल हातात घेऊन मागं आली होती. "कामून वरडता एवढ्या?"

मी तिला समजावलं. पुढची चाकं उचलून मागची चालवली की आतला सांधा जातो. एक तर चारी चाकं वर पाहिजेत, नाही तर चारी खाली.

"मंग त्यात काय न समजण्यासारखं हाय," ती इस्माईलभाईंना म्हणाली. "मेंढरू लंगडलं तर त्याचं पुढचं पाय धरून वढीत नेतेत व्हय? कमरंतून जातंय ते. एक तर चारी पायांवर हळूहळू चालू द्यावं, नाय तर सबंध उचलून घ्यावं."

इस्माईलभाई गाडीखाली वाकले. मधून मागं जाणारा जाड दांडा त्यांनी हातानं चाचपला, तो पुढं कुठं जातो ते बघितलं. उठले तेव्हा कपाळाला माती लागली होती. "हौ," ते म्हणाले. "ये तो पीछे भी ओढती है. मैं आगे की समझा." आणि मग हळूच, "पहले भी दो-तीन ऐसी ले गया होऊंगा मैं."

मी म्हटलं, "इस्माईलभाई, मी फार बोलले. चुकलं माझं."

"हमारी अम्मी ऐसेच चिल्लाती थी," ते म्हणाले. "घर की याद आई."

आता उचलायचं कसं. ते डोकं कौसाबाईचं. फर्दापूरकडं अर्ध्या किलोमीटरवर मेंढरं ट्रकात चढवायचा धक्का होता. दगडमातीचा चढ आणि पुढं एकदम उभी कड. ट्रक मागं घेऊन त्या कडेला लावायचा, म्हणजे मेंढरं चालत चालत सरळ ट्रकाच्या फळीवर जातात. तिचा भाचा दत्ता खताची पोती उतरवून रिकामा ट्रक घेऊन संध्याकाळी शहराकडं निघायचा होता. तिनं त्याला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "धक्क्यावर ये. एक मेंढरू हाय, मोठं हाय."

मास्तरांना उठवायला गेले तर ते जागेच होते. काठी टेकत आले, गाडीत बसले, गिअर न्यूट्रलला घेतला. कुणी तरी स्टिअरिंग धरायला पाहिजे होतं आणि हातानं ब्रेक दाबायचा तो दांडा फक्त त्यांनाच चालवता येत होता. तेवढ्यापुरते का होईना, त्या गर्दीत सगळ्यात गरजेचे तेच होते. ढकलायला हॉटेलवाला, गावातला मेकॅनिक, कौसाबाईच्या घरचे पुरुष, कापूस वेचणाऱ्या बायकांतल्या चौघी आणि मी. इस्माईलभाई क्रेनचे पिवळे दिवे लावून मागं, म्हणजे येणाऱ्या गाड्या अंतर ठेवतील. चालण्याच्या वेगानं, चारी चाकं जमिनीवर, थांबत थांबत निघालो. सपाट रस्त्यावर गाडी तशी हलकी जाते. एक बाई मला म्हणाली, "बाई, तुमी नुसता हात लावलाय, ढकलत नायत." खरं होतं ते.

चढावर मात्र दमछाक झाली. दोन हात वर गेलो की चाकांमागं दगड, परत दम, परत दोन हात. इस्माईलभाईंनी क्रेनच्या पुढं जुनं टायर बांधून ती गाडीच्या पाठीला लावून ठेवली. "मैं ढकलता नै, सिर्फ पीछे आने नै देता," ते म्हणाले. ट्रकाची फळी आणि धक्का यांच्यामध्ये लाकडी पाट टाकले. दत्ता पुढं उभा राहून हातानं डावं-उजवं दाखवत होता आणि मास्तर घामाघूम होऊन स्टिअरिंग फिरवत होते, इंजिन बंद म्हणजे ते दगडासारखं जड. पुढची चाकं फळीवर चढली, ट्रक करकरला. मग मागची चढली. मास्तरांनी दांडा दाबून धरला आणि गाडी उभी राहिली. वर चौघांनी धरून त्यांना खाली उतरवलं. त्यांनी त्याला नाही म्हटलं नाही.

बांधायचं काम इस्माईलभाईंनी कुणाला करू दिलं नाही. गाडी पार्कला, हँडब्रेक वर, चाकांच्या पुढं-मागं लाकडाचे ठोकळे, आणि पट्टे गाडीच्या अंगाला नाही, चारी चाकांना आवळलेले. प्रत्येक पट्टा ओढून बघितला, परत एकदा बघितला. कौसाबाई कागदाच्या पुडीतून भंडारा (खंडोबाची हळद) घेऊन आली. तिच्या घरातलं जनावर ट्रकात चढलं की ती त्याच्या कपाळाला लावते. तिनं बॉनेटवर चिमूटभर लावला आणि दत्ताला बजावलं, "हळू जाय. आत कोणी हाय असं समज."

दत्तानं मास्तरांना गमतीनं विचारलं, गाडीतच बसून येता का. इस्माईलभाई लगेच म्हणाले, "नै. बांधेली गाडी में आदमी नै बैठते." ट्रकाच्या केबिनची पायरी मास्तरांना जमण्यासारखी नव्हती, म्हणून इस्माईलभाईंनी आम्हाला स्वतःच्या क्रेनमध्ये घेतलं. ट्रक पुढं, आम्ही मागं. सिल्लोडला त्यांचं घर आलं तरी थांबले नाहीत. "शहर तक आता मैं. पट्टे मैंने बांधे, खोलूंगा भी मैंच." वाटेत त्यांनी आणि मास्तरांनी लेण्यांवर गप्पा मारल्या. इस्माईलभाई तीस वेळा अजिंठ्याला गेले होते, प्रत्येक वेळी कुणाची तरी बंद गाडी न्यायला. आत एकदाही नाही. मास्तरांनी त्यांना बोधिसत्त्वाच्या बोटांबद्दल सांगितलं, समोरच्या काचेवर बोटानं काढून दाखवलं.

गॅरेजवाल्यानं दुसऱ्या दिवशी गाडी वर उचलून चाकं हातानं फिरवून बघितली. मी शेजारी उभी. तो म्हणाला, "मधला जोड एकदम ठीक आहे. कुणी आणली ही?" मी कौसाबाईचं नाव सांगितलं. त्याला वाटलं ती क्रेनवाली असेल. दोन दिवसांत जुन्या गाडीचा एक पंप मिळाला, पट्टा नवा. सुधाच्या यजमानांनी गाडी गल्लीत वळवायला मदत करू का असं विचारलंही नाही.

परतीच्या रस्त्यावर पुणं मागं टाकलं, तोपर्यंत मी बोलायचं ठरवून तीनदा माघार घेतली होती. प्रसादचा फोन दोनदा येऊन गेला होता. खंबाटकी घाटाच्या अलीकडं एका हॉटेलात चहा घेतला. परत गाडीत बसलो आणि मी म्हटलं, "अहो, एक सांगायचंय. रविवारी एक माणूस येणार आहे. गाडी बघायला. न्यायलाच."

त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"प्रसाद फोनवर किती मोठ्यानं बोलतो. तू स्वयंपाकघरात होतीस, मी ओट्याशेजारच्या खोलीत. दीड महिना झाला."

"मग बोलला का नाहीत?"

"अजिंठा राहिला होता," ते म्हणाले. "म्हटलं, तेवढा हिच्यातून करून येऊ. मग न्या."

घाट सुरू झाला. त्यांनी वळणं घेतली, एका ट्रकाला पुढं जाऊ दिलं. घाट ओलांडल्यावर म्हणाले, "त्या दिवशी मी झोपलो नव्हतो. टॉवेलखालून दिसत होतं. इस्माईलभाई आकडा लावत होते तेव्हापासून."

"मग हाक का नाही मारली? तुम्ही मारली असती तर त्यांनी लगेच थांबवली असती."

"म्हटलं, तुम्हाला नकोच आहे ती. इथंच संपली तर कुणाला कुणाला काही सांगावं लागणार नाही. तुलाही नाही, प्रसादलाही नाही. क्रेनवाल्याची चूक म्हणून विषय मिटेल. आणि मग तू एका चपलेवर धावलीस."

मला ते कौतुक घेववेना. इतकी वर्षं संसार केला, अशा बाबतीत खोटं नाही चालत. मी म्हटलं, "मी लगेच नाही धावले. मी आधी उभी राहिले होते. बघत. मलाही तेच वाटलं होतं, जाऊ दे म्हणून."

"तेही दिसलं मला," मास्तर म्हणाले.

मी रडत होते आणि ते त्यांना दिसत होतं. त्यांनी उजवा हात दांड्यावरून न काढता डाव्या हातानं रुमाल तेवढा माझ्याकडं सरकवला आणि लगेच हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

रविवारी तो माणूस आला. मी त्याला पोहे-चहा दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. प्रसाद चिडला, चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही, आणि त्याचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. आता आमचे काही नियम ठरलेत. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, दर सहा महिन्यांनी डोळे तपासायचे, आणि डॉक्टर नाही म्हणाले की त्या दिवशी किल्ली मास्तरांनी स्वतः माझ्या हातात द्यायची. हा शेवटचा नियम त्यांनीच घातला. मला भीती अजून वाटते. फक्त पूर्वी मी घरी बसून घाबरायचे, जेवण तसंच ठेवून. आता डबा भरते आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसते.